जाहिरातीची वाट बघू नका, आजच दोराला हात घाला

अग्निशामक भरतीची जाहिरात आली की गावाकडून फोन सुरू होतात. "मामा, महिनाभर आहे हातात, काय करू?" महिन्यात फार काही होत नाही रे. मी एकवीस वर्षं बंबावर आहे आणि माझ्या तयारीला चौदा महिने लागले होते.

आधी कागद. मुंबई अग्निशमन दलाच्या 2022-23च्या भरतीत बारावी 50 टक्क्यांनी पास, मुलांची उंची 172 आणि मुलींची 162 सेंटिमीटर अशी अट होती. तिथे दल आधी निवडतं आणि मग स्वतःच शिकवतं. बऱ्याच महापालिका, नगरपालिकांना मात्र सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आधीच झालेला लागतो, सांताक्रूझच्या महाराष्ट्र अग्निशमन अकादमीचा किंवा शासनमान्य. माझ्या भाच्याने एका खासगी संस्थेत पैसे भरले. कागद तपासणीच्या टेबलावर त्याचं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं गेलं आणि त्याचं वर्ष वाया गेलं. म्हणून पैसे देण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या पालिकेच्या जुन्या जाहिराती काढा आणि 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ बोट ठेवून वाचा.

आता मैदान. 800 मीटर 3 मिनिटांत, म्हणजे 400च्या ट्रॅकवर दीड मिनिटाला एक फेरी. याची तयारी सगळेच करतात. पोरं गळतात ती पुढे, उडीला आणि दोराला. मुंबईत 19 फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी होती. वर गेल्यावर खालची शीट रुमालाएवढी दिसते! मी पहिल्यांदा वर चढलो तेव्हा माझी पावलं फळीला चिकटली होती. विहिरीत उड्या मारून वाढलेला मी, तरीही. कारण पाण्यात पाय आधी जातात, शीटवर तसं पडलात तर घोटा गेला. तिथे खुर्चीत बसल्यासारखं पडायचं असतं, पाय पुढे, हनुवटी छातीला, आणि भार पाठीवर आणि बुडावर. ही उडी गवताच्या गंजीवर किंवा गादीवर एकट्याने करून बघू नका, मी हात जोडून सांगतो. घरी करायची ती उंचीची सवय. शिडी वर बांधून घ्या, खाली माणूस उभा करा, रोज चढा, वर थांबून शंभर आकडे मोजा आणि उतरा.

दोर नुसत्या दंडावर चढला जात नाही. एका पावलावरून दोर घ्यायचा, दुसऱ्या पावलाने तो दाबायचा आणि पायांनी अंग वर ढकलायचं. आंब्याच्या जाड फांदीला दोर बांधला की झालं. पकड वाढते, तळवे निबर होतात. 50 किलोची डमी, म्हणजे माणसाचा पुतळा, खांद्यावर घेऊन पळायची असते, त्यासाठी वाळूचं पोतं 20 किलोपासून सुरू करा. उचलताना गुडघे वाकवा, कंबर नको.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं गाठी. बोलाइन, क्लोव्ह हिच, आणि माणूस खाली उतरवायची चेअर नॉट. डोळे मिटून बांधा, कारण धुरात स्वतःचा हात दिसत नाही. धूर वर चढतो म्हणून आपण सरपटत जातो. गळलेला सिलिंडरचा गॅस मात्र हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, तिथे बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. असं प्रत्येक गोष्टीचं 'का' शोधत गेलात की लेखी परीक्षेचं पाठांतर उरत नाही.

प्रथमोपचार मी उशिरा शिकलो, याचं मला आजही वाईट वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका चाळीत आग लागल्याची वर्दी, म्हणजे बोलावणं, आली होती. आग लहानशीच, पण जिन्यात एक आजोबा कोसळले होते. आमचे वरिष्ठ छाती दाबत होते आणि मी नुसता होज, म्हणजे पाण्याचा पाइप, धरून उभा. पुढच्याच आठवड्यात शिकून घेतलं. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. 30 दाबांनंतर 2 श्वास. घट्ट उशीवर लय बसवा, पण एकदा शिकवणाऱ्याच्या हाताखाली पुतळ्यावर नक्की करा. ज्यांचा ओढा रुग्णवाहिकेकडे आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात 108च्या गाडीवर डॉक्टर असतात. त्या कामासाठी वाट वेगळी आहे, बारावी विज्ञानापासूनच ठरवावी लागते.

आणि 14 एप्रिलला जवळच्या अग्निशमन केंद्रावर जा. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आमचे 66 जण गेले. त्या आठवड्यात ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं असतात, लोकांना आत येऊ देतात. ड्युटीवरच्या दादांना विचारून पाण्याने भरलेला होज उचलून बघा. 63 मिलिमीटरच्या 15 मीटर होजमध्ये नुसतं पाणीच 45 किलोच्या वर असतं. मग ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरून बघा, मागे कुणाला तरी उभं करून. पाणी सुटलं की ती अंगाला मागे ढकलते.