बझकॉक्स ऐकायचे कसे: सिंगलमागून सिंगल

मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडचे पहिले तीन अल्बम ऐकले आणि बँड कळला असं मानलं, तर त्यांचा सगळ्यात चांगला ऐवज ऐकायचाच राहून जातो. 1977 ते 1979 या काळात युनायटेड आर्टिस्ट्स या रेकॉर्ड कंपनीने त्यांची जी पहिली आठ सिंगल्स काढली, त्यांतल्या सहांची मुख्य गाणी मूळ अल्बमांत नाहीतच. हा बँड सात इंची तबकडीच्या मापानं विचार करायचा: दोन-तीन मिनिटांचं एक गाणं, मग तबकडी उलटवून दुसरं. ऐकायचा क्रमही तसाच लावायला हवा.

पहिली 'स्पायरल स्क्रॅच'. चार गाण्यांची ही ईपी (सिंगलपेक्षा जास्त, अल्बमपेक्षा कमी गाण्यांची तबकडी) 28 डिसेंबर 1976 रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत झाली. ध्वनिमुद्रणाला तीन तास लागले, मिक्सिंगला दोन. मित्रांकडून आणि घरच्यांकडून 500 पौंड उसने घेतले, न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचंच लेबल काढलं आणि आधी 1,000 प्रती छापल्या. गायक हॉवर्ड डिव्होटो, गिटारवर पीट शेली, बेसवर स्टीव्ह डिगल, ड्रमवर जॉन माहर. निर्माता मार्टिन हॅनेट, पण कव्हरवर त्याचं नाव 'मार्टिन झीरो' असं आहे.

ऐकताना कव्हरची मागची बाजू समोर ठेवा. मूळ प्रत नसेल तर तिचा फोटोही चालेल. कोणतं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या प्रयत्नात, जमलं आणि वरून काय भरलं (म्हणजे डब), हे तिथं छापलंय. 'ब्रेकडाउन'पुढे लिहिलंय: तिसरा टेक, डब काही नाही. रेकॉर्ड कशी बनते हे ऐकणाऱ्याला इतकं उघड सांगणं हीच त्या काळी मोठी गोष्ट होती, आणि ते वाचून अनेकांना आपणही रेकॉर्ड काढू शकतो असं वाटलं. 'बोअरडम'च्या सोलोत फक्त दोन सूर आहेत, तेच 66 वेळा. मोजत बसू नका, पण सोलो संपताना जो एकच वेगळा सूर लागतो तो चुकवू नका. इतक्या वेळच्या कंटाळ्यानंतर आलेला तो सूर म्हणजे दार उघडल्यासारखं वाटतं.

जुनी तबकडी विकत घेत असाल तर आधी पुढची बाजू तपासा. बँडच्या नावासोबत 'विथ हॉवर्ड डिव्होटो' असं छापलेलं असेल, तर ती 1979 साली पुन्हा काढलेली आवृत्ती. 1977 च्या प्रतीवर ते शब्द नाहीत. मात्र ते शब्द नाहीत म्हणून प्रत जुनीच, असंही धरून चालू नका. 2017 साली मूळ कव्हरबरहुकूम नवी आवृत्ती निघाली आहे.

ईपी बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत डिव्होटो बाहेर पडला. शेली गाऊ लागला, डिगल बेस सोडून गिटारवर आला. इथून पुढे 'सिंगल्स गोइंग स्टेडी' हा संग्रह लावा, पण सरळ नाही. त्यात पहिली आठ गाणी म्हणजे आठ सिंगल्सच्या पुढच्या बाजू आणि नंतरची आठ म्हणजे त्यांच्याच मागच्या बाजू, त्याच क्रमाने. म्हणून प्लेलिस्ट अशी करा: 1, 9, 2, 10, 3, 11, आणि असंच 8, 16 पर्यंत. काही सीडींवर पुढे जादा गाणी जोडलेली आहेत, ती आत्ता बाजूला ठेवा. सरळ लावलं तर होतं काय, की आठ हुकमी गाणी एका दमात संपतात आणि मागच्या बाजू उरलंसुरलं वाटायला लागतात. त्या उरलंसुरलं अजिबात नाहीत. त्यांतल्या 'लिपस्टिक'ची मुख्य गिटारओळ ओळखीची वाटली तर ती डिव्होटोच्या नव्या बँडच्या, मॅगझिनच्या, 'शॉट बाय बोथ साइड्स'मध्येही आहे. एकच ओळ शेली आणि डिव्होटो दोघांनी वापरली. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की जोडी फुटल्यावर कोण कुठे गेला ते कानानं कळतं.

मागच्या बाजूंपैकीच 'व्हाय कान्ट आय टच इट?' साडेसहा मिनिटांचं आहे आणि त्यातल्या दोन गिटारी डाव्या-उजव्या बाजूंना विभागल्या आहेत. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकलं तर दोघींची सवाल-जवाबाची सगळी गंमत जाते. हेडफोन लावा.

'एव्हर फॉलन इन लव्ह' बहुतेकांनी आधीच ऐकलेलं असतं, म्हणून घाईनं पुढे जाऊ नका. गिटार जवळ असेल तर घ्या. गाणं ई मेजरमध्ये आहे, पण कडवं आणि ध्रुवपद दोन्ही सी शार्प मायनर या कॉर्डवर सुरू होतात, त्यामुळे वेग असूनही मन खाली ओढलं जातं. ध्रुवपदात बी मेजरनंतर डी मेजर येतो, जो ई मेजरच्या घरचा नाही. वाजवताना हात सवयीनं ए किंवा ई कडे वळतो, आणि तसं केलं की गाणं एकदम साधं होऊन बसतं. नको तिथं जीव जडल्याची कळ त्या डी मेजरमध्ये आहे. शब्दांत 'तू' आहे. समोरचा पुरुष की स्त्री, हे शेलीनं मुद्दाम उघड केलेलं नाही.

सिंगल्स झाली की अल्बम. 1978 चा 'अनदर म्युझिक इन अ डिफरंट किचन' सुरू होतो तो 'बोअरडम'च्या तुकड्यानं. ईपी आधी न ऐकलेल्याला ते काही सेकंद निरर्थक वाटतात. त्याच वर्षीचा 'लव्ह बाइट्स' थोडा विस्कळीत आहे, वेळ कमी असेल तर तो मागे ठेवा. 1979 चा 'अ डिफरंट काइंड ऑफ टेन्शन' मात्र दोन बैठकींत, एकेक बाजू करून ऐका. दुसरी बाजू जड आहे आणि तिच्या शेवटाकडचं 'आय बिलीव्ह' सात मिनिटांचं. कान थकलेले असताना ते लावलं तर नुसता हट्टीपणा वाटेल.

शेवटी 1980 ची तीन सिंगल्स, ज्यांना भाग 1, 2, 3 अशी नावं आहेत. निर्माता पुन्हा मार्टिन हॅनेट. मधल्या काळात त्यानं जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम केला होता. भाग 1 मधलं 'आर एव्हरीथिंग' ऐका, आवाज तेवढाच ठेवा आणि लगेच 'ब्रेकडाउन' लावा. फक्त माहरच्या ड्रमकडे लक्ष द्या: 'ब्रेकडाउन'मध्ये खोलीतला उघडा ठोका, 'आर एव्हरीथिंग'मध्ये धुक्यातून आल्यासारखा.