शिवाजी पार्कची वस्ती पायी कशी पाहावी

सकाळी सातच्या आत दादर पश्चिमेला उतरा. पंधरा-वीस मिनिटांत कट्ट्यापाशी, म्हणजे मैदानाभोवतीच्या बसक्या कठड्यापाशी पोचाल. कट्ट्याची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. पहिली फेरी पाठ मैदानाकडे ठेवून, म्हणजे इमारतींकडे बघतच मारा. बहुतेक जण मैदानच बघत राहतात आणि खरी वस्ती निसटते.

१८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबईच्या सुधारणेसाठी सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वाढू लागल्या. सुमारे २८ एकरांचं हे मैदान १९२५मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं.

दुसऱ्या फेरीत १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती ओळखा. तिच्या खुणा चार: गोलाकार वळलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून सलग धावणारे पातळ छज्जे, जिन्याची उभी जाळी, दर्शनी भागावर सिमेंटात उठवलेलं इमारतीचं नाव. चारांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या तरच नोंद करा. नुसता गोल कोपरा फसवतो, नव्या बांधकामातही तो असतो. खाली पार्किंगचे मजले असलेला टॉवर दिसला, की तिथे पुनर्विकास झालाय. नोंदी लवकर करा, जुन्या इमारती झपाट्याने जात आहेत.

जिना पाहायचा असल्यास आधी वॉचमनला विचारा. ही राहती घरं आहेत. दसरा आणि ६ डिसेंबर टाळा, गर्दीत दर्शनी भाग दिसतच नाहीत.