आधी मावशी, मग गिऱ्हाईक

नोकरी सोडून माणसांशी थेट संबंध येईल असं काहीतरी सुरू करायचंय, असं म्हणणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला: गिऱ्हाईक कुठून आणायचं? आजारी आणि वयस्कर माणसांची घरी देखभाल करायला मावशी पाठवण्याचं काम मी सुरू केलं, तेव्हा मीही तिथूनच सुरुवात केली आणि त्यात सहा महिने घालवले. म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

मी नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. पुणे आणि नागपूर धरून चौदा वर्षांची नोकरी. एका मे महिन्यात सासूबाई प्रतापनगरच्या घरी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. देखभालीला बाया पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीला बाई मागवली. तीन आठवड्यांत पाच जणी बदलल्या. दर वेळी नव्या बाईला पहिल्यापासून सांगा: चहात साखर नको, डावा पाय असा उचला, कुकरची शिट्टी वाजली की आई दचकतात. पाचव्या मावशी कामाच्या होत्या. त्यांना विचारलं, सगळ्या अशा अर्ध्यातच का सोडून जातात हो?

"ताई, तुमी सातशे देऊन राह्यल्या, माह्या हातात चारशे येते. वाडीहून यायला-जायलाच साठ जाते. दुसरीकडं पन्नास जास्त भेटले का बाई तिकडं जाते."

आईंना कुशीवर वळवलं की या मावशी चादरीवरून तळहात सावकाश फिरवायच्या, इस्त्री फिरवावी तसा. सुरकुती हाताला लागली की चादर ताणून सरळ करायच्या, मगच आईंना पुन्हा पाठीवर घ्यायच्या. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चादरीची एवढीशी घडीसुद्धा हाडाखाली दबून राहिली की कातडी लाल पडते आणि बेडसोरला, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेला, तिथून सुरुवात होऊ शकते, हे मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं. बाहेर पारा ४५ वर, खोलीत कूलरचा आवाज, आणि त्यांचा हात मात्र शांत. हे काम करणाऱ्या बाईला हातात चारशे रुपये मिळतात, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलीच नाही.

तरी राजीनामा दिल्यावर मी काय केलं? लोगो केला, पत्रकं छापली, लक्ष्मीनगर, धरमपेठ, त्रिमूर्तीनगरच्या सोसायट्यांत वाटली. मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत आणि आईवडील इथे एकटे, अशी घरं नागपुरात भरपूर. फोन लगेच यायला लागले. पाठवायला बाया नव्हत्या. मिळेल तिला पाठवलं, आणि ब्युरोचं जे झालं होतं तेच माझंही झालं. एका आजोबांच्या मुलीने परदेशातून रात्री दीडला फोन करून विचारलं, "आज कोण आहे बाबांजवळ?" मला नाव सांगता आलं नाही. त्या रात्री ठरवलं, ज्या मावशीला मी स्वतः ओळखत नाही, तिला कुणाच्या घरी पाठवायचं नाही.

मग पत्रकं बंद केली आणि त्या पाचव्या मावशींकडे गेले. त्यांच्या ओळखीने चौघी आल्या. प्रत्येकीच्या घरी गेले, पोलिस व्हेरिफिकेशन करून घेतलं, पगार दर शनिवारी ठरवला. गिऱ्हाइकाचे साडेसातशे, मावशीच्या हातात सहाशे. उरलेल्या दीडशेत माझा फोन, पेट्रोल, कुणी आजारी पडली तर बदली. नफा हळू वाढतो, पण मावशी टिकतात, आणि मावशी टिकली की ते घर आपोआप दुसरं घर आणतं.

पैशाचं गणित नीट समजून घ्या, कारण अशा धंद्याचं कंबरडं तिथेच मोडतं. चार मावश्यांचे रोजचे सहाशे म्हणजे महिन्याला ७२ हजार. हे शनिवारी-शनिवारी द्यायचेच असतात. गिऱ्हाईक मात्र महिना संपल्यावर देतं, कधी चाळीस दिवसांनी. दुसऱ्याच महिन्यात मला एफडी मोडावी लागली. तेव्हापासून पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घेते. घरचा वर्षभराचा खर्च बाजूला ठेवाच, पण त्याशिवाय दोन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात हवेत. या खात्याला घरच्यांनीही हात लावायचा नाही.

राजीनामा कधी द्यायचा? पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने उरले असतील तर थांबा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, एवढी ग्रॅच्युइटी असते. ती सोडू नका. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोटीस पिरियड चालू असतानाच विचारा. घरात कुणाला बीपी-शुगर असेल तर हे काम पहिलं करा.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), करंट खातं एवढ्यावर सुरुवात होते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी बघावा लागतो. दहा माणसं झाली की ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, विचारा. ते ओझं समजू नका, मावशीच्या मुलाला ताप आला तर तेच कामी येतं.

ड्युटीची वेळही विचार करून ठरवा. सगळीकडे आठ ते आठ चालतं. मी सात ते सात केली. रात्री आठला सुटलेल्या बाईला हिंगण्याकडची, कामठीकडची बस मिळेपर्यंत घरी दहा वाजतात, आणि तिच्या घरीही कुणीतरी जेवायला थांबलेलं असतं. दोन-तीन घरं कुरकुरली. त्यांना सरळ कारण सांगितलं, ती तयार झाली. प्रत्येक घरात फोनजवळ एक कागद चिकटवते: माझा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

तुम्हाला यात उतरायचंच असेल तर नोकरी न सोडता आठवडाभर एक करा. सकाळी पावणेआठला धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांसमोर उभं राहा. रात्रपाळीच्या बाया बाहेर पडत असतात, दिवसपाळीच्या आत जात असतात. त्यांना चहा पाजा आणि विचारा, कुठून येता, किती मिळतात, कोणत्या घरी परत जावंसं वाटत नाही आणि का. आमच्या त्या मावशी आता नव्या पोरींना शिकवतात. पहिल्या दिवशी त्या पोरीलाच पलंगावर झोपवतात, पाठीखाली चादरीची एक घडी मुद्दाम ठेवतात आणि म्हणतात, "आता अर्धा घंटा हालू नको."