जाळीदार पत्र वाचायचं कसं

विलायतेतल्या आईनं हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या मुलाला १८५०च्या सुमारास लिहिलेलं पत्र उघडलं, की आधी नुसती जाळीच दिसते. टपालखर्च वजनावर, म्हणून पान भरलं की माउली ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवर पुढं लिही.

मी ओळीखाली कोरा कागद धरते, एकाच दिशेच्या ओळी संपवते, मग पान फिरवते. आठ-दहा ओळींत डोळा सरावतो, खरंच! ‘मिस’मधल्या (Miss) जोड-एसपैकी पहिला एफसारखा दिसेल, ते जुनं वळण. पाकिटावर ‘व्हाया मार्सेय’, म्हणजे फ्रान्समधल्या मार्सेय बंदरावरून, असं असेल, तर पत्र लवकर पोचावं म्हणून जादा पैसे मोजलेत. कागदाला काळी किनार असेल, तर घरात सुतक. तेव्हा मी क्रम मोडते, आधी कोण गेलं ते शोधते.