उघडा लोखंडी जिना बंद करून त्याखाली कपाट: मापं, सामान आणि कामाचा क्रम

रो-हाऊस आणि डुप्लेक्समध्ये हॉलच्या भिंतीला लागून सरळ चढणारा लोखंडी जिना हल्ली सर्रास दिसतो. दोन बाजूंना चॅनेल, त्यावर अँगलच्या फ्रेम, फ्रेमवर ग्रॅनाइट किंवा सागाची पायरी, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये मोकळी फट. दिसायला छान. पण झाडलं की केर फटीतून खाली, फरशी पुसली की पाणी खाली. त्यामुळे जिन्याखालची जागा एकतर रिकामी पडून राहते किंवा तिथे चपला, सायकल आणि रद्दीचा ढीग साठतो. फटी बंद करून तिथे कपाट केलं तर सात फूट लांबीची साठवण मिळते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावर ठरतात. माणूस चढला की लोखंडी जिना किंचित वाकतो, उतरला की परत येतो. कपाट मात्र जमिनीवर स्थिर असतं. सुतार घाईत असला की कपाटाचा माथा थेट चॅनेलला स्क्रूने जखडतो. मग वर पाऊल पडलं की कपाट करकरतं, सांध्यांना तडे जातात, शटर घासू लागतात. कपाट स्वतःच्या पायावर उभं हवं आणि जिन्यापासून सुटं हवं.

हे सगळं स्वतःच्या घरातल्या जिन्यासाठी आहे. इमारतीचा सामाईक जिना ही आग लागल्यावर बाहेर पडायची वाट असते. तिच्याखाली लाकडी कपाट करू नका, सोसायटीने परवानगी दिली तरी.

आधी ओल आणि वाळवी

जिन्याखालच्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम किंवा बाहेरची भिंत असेल तर एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. आधी गळती काढा, कपाट नंतर. थेंब खोलीकडच्या बाजूला असले तर तो हवेतला दमटपणा आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे व्हायचंच, त्यावर उपाय म्हणजे मागून हवा खेळती ठेवणं.

वाळवीचं औषध कपाटाआधी मारून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण एकेक फुटावर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडतात आणि भोकं सिमेंटने बुजवतात. कपाट बसल्यावर ड्रिल तिथे पोचत नाही.

जिन्याखाली काय काय आधीच आहे तेही पाहा. डीबी (घरातल्या विजेच्या स्विचांची मुख्य पेटी) असेल तर ती कपाटात बंद करायची नाही. इन्व्हर्टरच्या साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तिला मोकळी हवा लागते. दुसरी जागा शोधा. गॅसचा जादा सिलिंडरही इथे नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बंद कप्प्यात तळाशी साचून राहतो. वॉश बेसिनचा ट्रॅप किंवा फरशीतलं चेंबर असेल तर त्याच्यासमोर उघडता येणारी फळी ठेवा.

मापं

इथे उदाहरण म्हणून दहा फूट (३०४८ मिमी) चढणारा, १८ उठावांचा, ९०० मिमी रुंद जिना घेतला आहे. एक उठाव, म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची, सुमारे १६९ मिमी; पायरीची चाल, म्हणजे पाऊल ठेवायची खोली, २५० मिमी. म्हणजे चढ असा: आडव्या १२ इंचांना उभे ८ इंच १ सूत. अंशांत तो ३४ च्या जवळपास येतो, पण अंशांवर काम करू नका. एका अंशाची चूक सात फुटांच्या कपाटाच्या तिरक्या कडेवर शेवटाला पावणेदोन इंचांचा फरक पाडते. चॅनेलच्या खालच्या कडेला वरपासून खालपर्यंत दोरी ताणा, दर फुटावर फरशीपासून उंची मोजा आणि जिथे पार्टिशन येणार तिथली मापं भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. जमीन लेव्हलला असेल असं गृहीत धरू नका. पाण्याच्या नळीने तपासा. बेसिनकडे फरशीला उतार दिलेला असतोच.

खालची मोकळी उंची ४५० मिमी होते तिथून कपाट सुरू करा. त्याच्या अलीकडचा कोपरा कोणाच्या उपयोगाचा नाही, तो फळीने बंद करा. तिथून १८७० मिमी उंचीपर्यंत सुमारे २१०० मिमी लांबी मिळते. तिचे चार कप्पे केले की पार्टिशनच्या ठिकाणची उंची ४५०, ८०५, ११६०, १५१५ आणि १८७० अशी, दर कप्प्याला ३५५ ने वाढत जाते. पाच उभ्या फळ्यांची जाडी वजा केल्यावर प्रत्येक कप्पा आतून जवळपास ५०२ मिमी रुंद राहतो.

फटी बंद करणं

रायझरची, म्हणजे दोन पायऱ्यांमधली फट झाकणारी, फळी खालच्या पायरीवर उभी करायची नाही. ती खालच्या पायरीच्या मागच्या कडेच्या मागे आणि वरच्या पायरीच्या पोटाखाली येते. पायरीवर उभी केली तर फळीच्या जाडीइतकी पायरी अरुंद होते. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची पायरी किमान २५० मिमी धरली आहे. इथली चाल तेवढीच असल्याने त्यातून १२ मिमी गेले तर उतरताना टाच अडते. शिवाय पुसायचं पाणी फळीच्या बुडाला बसून प्लाय फुगतो.

फळी १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्लायची, दोन्ही अंगांना लॅमिनेट लावलेली. सिमेंट फायबर बोर्डही चालतो, ओलीला तो उत्तमच, पण बुटाच्या टोकाने त्याच्या कडा उडतात. फळी आणि लोखंडाच्या मध्ये ३ मिमीची फोम टेप चिकटवा आणि मागून, म्हणजे जिन्याखालून, खालच्या पायरीच्या फ्रेममध्ये २५ मिमीचे तीन सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारा. वरची कड मोकळी ठेवा: वरच्या पायरीच्या पोटापासून ३ मिमी फट सोडून तिच्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. दोन्ही कडा घट्ट केल्या तर दोन पायऱ्या वेगवेगळ्या दाबल्या जातात आणि मधली फळी कुरकुरते. वेल्डिंग टाळा. उष्णतेने ग्रॅनाइटला तडा जातो आणि त्याच्या खालचं चिकटवणही सुटतं. मुख्य चॅनेलला भोकं पाडायची गरज या पद्धतीत पडतच नाही.

सगळ्या फटी बंद केल्या की हॉलमधला उजेड कमी होतो. जिन्यामागे खिडकी असेल तर कपाटाच्या वर येणाऱ्या खालच्या १२ फटी बंद करा आणि वरच्या मोकळ्या ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र त्या मोकळ्या फटींत मधोमध आडवी लोखंडी पट्टी हवी, म्हणजे कुठलीही फट १०० मिमीपेक्षा मोठी उरणार नाही.

ओटा आणि सांगाडा

कपाट फरशीवर थेट ठेवू नका. विटेचा किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्यांचा १०० मिमी उंच ओटा करा आणि त्यातच लेव्हल साधून घ्या. प्लायखाली पाचर मारून साधलेली लेव्हल दोन पावसाळ्यांत बसते.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या. शंका असेल तर दोन इंचांचा तुकडा काही तास पाण्यात उकळा; थर सुटले तर माल परत करा. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय जिन्याखाली नको. प्लाय घरात आणून तीन-चार दिवस उभा ठेवला की तो घरातल्या हवेला रुळतो.

सांगाडा असा: जिना ९०० मिमी रुंद असला तरी ड्रॉवरच्या तीन कप्प्यांची खोली ६२० मिमीच धरा. बाजारात सहज मिळणारं टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकवणारी पट्टी) २४ इंचांपर्यंत असतं, त्याहून खोल ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही. मागे जी दहा-अकरा इंचांची पोकळी राहते ती वाया जात नाही. शेवटचा उंच कप्पा भिंतीपर्यंत पूर्ण खोल ठेवायचा आणि त्याचं आतलं पार्टिशन ६२० वरच थांबवायचं. मग उंच कप्प्यातून हात घालून घडीची शिडी, गुंडाळलेली सतरंजी, पडद्यांचे रॉड त्या पोकळीत आडवे सरकवता येतात, आणि हवाही खेळते. ओट्यात आणि उंच कप्प्याच्या वरच्या भागात एकेक जाळी बसवा. एकाच जाळीने हवा फिरत नाही.

माथ्याची तिरकी फळी १२ मिमीची. ती अडीच मीटरच्या वर भरते, म्हणजे आठ फुटी शीटमधून एकसंध निघत नाही. जोड पार्टिशनवरच येऊ द्या. ही फळी आणि चॅनेल यांच्यात २० मिमी मोकळे ठेवायचे. समोरून ही फट झाकायला पट्टी लागते. ती चॅनेलच्या कडेला दुहेरी टेपने चिकटवा आणि कपाटाला अजिबात ठोकू नका. दोन्हीकडे ठोकलेली पट्टी महिन्याभरात मधून तडकते. बंद पोकळीमुळे पावलांचा आवाज ढोलासारखा घुमत असेल तर माथ्याच्या फळीवर फटीत मावेल एवढाच मऊ फोम पसरा.

ड्रॉवर आणि शटर

तीन फूट खोल कपाटाला नुसती दारं लावली की मागचं सामान वर्षानुवर्षं बाहेर निघत नाही. म्हणून बुटक्या तीन कप्प्यांत ड्रॉवर, आणि उंच कप्प्यातच दार. दर्शनी फळी तिरकी असली तरी ड्रॉवरची पेटी चौकोनीच करायची. उंची कप्प्याच्या बुटक्या बाजूवरून ठरते. पहिल्या कप्प्यात ४५० मधून ओटा, तळ, माथा आणि वरची फट वजा केली की २९० च्या आसपास उरतात, म्हणून पेटी २५० ची. इथे चपला. दुसऱ्यात दोन ड्रॉवर, तिसऱ्यात तीन.

पेटीची बाहेरची रुंदी कप्प्याच्या आतल्या मापापेक्षा नेमकी २६ मिमी कमी हवी, म्हणजे ५०२ ला ४७६. दोन मिमी जास्त झाली तर चॅनेल अडकतं, तीन-चार मिमी कमी झाली तर चॅनेलमधली गोळ्यांची पट्टी वाकून ड्रॉवर खडखडतो. प्रत्येक कप्पा वर, खाली, पुढे, मागे मोजा आणि सर्वांत लहान माप धरा.

उंच दाराचे बिजागर उंच बाजूलाच लावा. बुटक्या बाजूला लावले तर बिजागरांना आधाराची लांबी कमी मिळते आणि दार लोंबतं. पावणेसहा फुटांच्या दाराला चार ऑटो हिंजेस (आपोआप बंद होणारे बिजागर). वरचं बिजागर टोकापासून किमान सात इंच खाली घ्या, कारण तिथे फळीचा कोन जेमतेम ५६ अंशांचा असतो. ३५ मिमीचं भोक त्या टोकात पाडलं तर प्लाय चिरतो. ते अणकुचीदार टोकही १० मिमी बोथट करून मग एजबँड (कडेची पट्टी) लावा, नाहीतर पहिल्याच धक्क्यात लॅमिनेट उडतं.

शटरला बाहेर १ मिमी लॅमिनेट असेल तर आतही ०.८ चं हवं. एकाच अंगाला लावलेलं शटर कमानीसारखं वाकतं, मग बिजागर कितीही फिरवा, कड जुळत नाही. शटरच्या मधल्या फटी ३ मिमी ठेवा. मे महिन्यात २ मिमी ठेवलेल्या फटी जुलैत घासतात.

सामान

१८ मिमी प्लाय ४ शीट. मोजणीत सव्वातीनच्या आत बसतं, पण तिरक्या कापांत बराच माल जातो. १२ मिमी ४ शीट: माथा आणि पेट्यांना २, रायझरला २. क्षेत्रफळ पाहिलं तर सगळ्या १७ रायझरना एक शीट पुरेल असं वाटतं, पण ९०० मिमीचे तुकडे एका शीटमधून १४ च निघतात. ६ मिमी १ शीट पेट्यांच्या तळाला, आणि पाठीसाठी अर्धं. ड्रॉवरच्या चॅनेलच्या ६ जोड्या, ४ बिजागर, ४० मिमी आणि २५ मिमी स्क्रूचा एकेक डबा, पीयू सीलंटच्या ३ नळ्या, फोम टेप ३५ मीटर.

क्रम असा ठेवा: वाळवीचं औषध, मग रायझर, मग लोखंडाच्या पोटाला प्रायमर आणि रंग, मग ओटा, सांगाडा, ड्रॉवर, आणि शटर सर्वांत शेवटी. रायझर बसल्यावर दोन दिवस जिना नेहमीसारखा वापरा, पायऱ्या पुसा, आणि खाली कुठे पाणी झिरपतंय का ते बॅटरीच्या उजेडात पाहा. झिरपत असेल तर सीलंट पुन्हा भरायला हात पोचतो तो याच टप्प्यावर. माथ्याची फळी बसली की नाही.