मोसंबीचा दूधविरहित केक कडू का झाला?

धाकट्याला दूध पचत नसल्याने जळगावच्या घरी मी दूध, दही, लोणी यांपैकी काहीही न घालता मोसंबीचा केक केला, तेव्हा तो मधोमध बसला आणि चवीला साबणासारखा कडवट लागला. मोसंबीच्या रसात आंबटपणा फार कमी असल्याने खाण्याचा सोडा पूर्ण फुलत नाही, हे उशिरा उमगले. पुढच्या वेळी दीड कप मैदा, पाऊण कप साखर, एक तृतीयांश कप तेल व एक छोटा चमचा सोडा यांसाठी घेतलेल्या कपभर रसात एक मोठा चमचा लिंबाचा रस मिसळला, आणि साल किसताना पांढरा भाग येऊ दिला नाही, कारण कडूपणाचे दुसरे मूळ तेच होते. आपल्याकडचे घाण्याचे शेंगदाणा तेल मला भाजीत प्रिय आहे, पण येथे त्याचा वास मोसंबीला झाकतो. म्हणून रिफाइंड तेलच घ्यावे. रस ओतताच मिश्रणावर बारीक बुडबुडे आले. ते जेमतेम ढवळून लगेच १८० अंशांवर ३५ मिनिटे भाजले आणि मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली.