बोलत गाडी चालवा: ॲडव्हान्स्ड टेस्टची तयारी
ब्रिटनमध्ये आयएएम रोडस्मार्ट किंवा रोस्पा या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थांची ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंग टेस्ट (लायसन्सनंतरची, वरच्या पातळीची ऐच्छिक परीक्षा) देणार असाल, तर आजपासूनच एक सवय लावून घ्या. गाडी चालवताना समोर जे दिसतंय, ते मोठ्याने बोलायचं. सरावाला मराठी उत्तम. "डावीकडे बस थांबलीय, खालून पाय दिसतायत, कुणीतरी पुढून रस्ता ओलांडेल, वेग कमी." नुसतं "बस आहे" म्हणून भागत नाही, त्यामुळे मी काय करणार, हेही तोंडातून आलं पाहिजे. बोलताना अडखळलात, तर नजर बहुधा पुढच्या गाडीच्या बंपरवर अडकलेली असते. ती उचलून लांब न्या.

खेड्यातल्या अरुंद रस्त्यांचा सराव मात्र भरपूर करा. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू धरा. तो अंगावर येत असेल तर वळण आवळतंय, वेग उतरवा. लांब सरकू लागला की वळण उघडतंय. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यातच, आपल्या बाजूला, गाडी थांबवता यायला हवी. आपल्याकडे घाटात हॉर्न देऊन वळण घ्यायची सवय असते. इथे भिस्त नजरेवर ठेवा.

पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंदांचं अंतर, पावसात चार.

रोस्पात गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा श्रेणी असतात आणि दर 3 वर्षांनी पुन्हा टेस्ट द्यावी लागते, म्हणून सराव सोडू नका.